नऊ सेकंदांचे देणे

रांग ही वस्तू मी आयुष्यात दोन्ही अंगांनी पाहिली आहे. लहानपणी सुलतान बाजारच्या आसपास राहत असताना रेशनच्या साखरेसाठी, रॉकेलसाठी आणि पहाटेच्या दुधासाठी मी रांगेत उभा राहिलो. १९७६ साली बँकेत लागलो आणि त्यानंतरची छत्तीस वर्षे रांग माझ्यासमोर उभी राहिली. काउंटरच्या जाळीआडून दिसणारी रांग निराळीच असते. पुढच्या दोघांचे चेहरे दिसतात, मागच्यांची नुसती डोकी दिसतात आणि त्याहीपलीकडे बाकावर बसलेली माणसे हातातले पितळी टोकन उलटसुलट करीत असतात. त्या टोकनावरच्या आकड्याला एक प्रतिष्ठा होती. सत्तेचाळीसच्या आधी शेहेचाळीस आणि नंतर अठ्ठेचाळीस, एवढा एक नियम पाळला तरी माणसे तासभर निमूट बसत.

आमच्या हैदराबादी मराठीत 'रांग लावणे' फारसे कोणी म्हणत नाही. आम्ही 'नंबर लावतो'. पंढरपुरास 'बारी' असते. शब्द वेगळे असले तरी त्यांच्यामागे भाव एकच, की आपली पाळी येणार आहे आणि ती कोणी नेणार नाही. या भावाला माझ्या हातून एकदा नव्हे, दोनदा धक्का लागला. त्यातला दुसरा प्रसंग ताजा असल्याने आधी तो सांगतो.

२०२४ च्या डिसेंबरात मुलगा, सून आणि नऊ वर्षांचा नातू अमेरिकेहून तेरा दिवसांसाठी आले होते. नातवाच्या आग्रहाखातर एके दिवशी आम्ही शहराबाहेरच्या एका मनोरंजन उद्यानात गेलो. सौभाग्यवतींनी गुडघ्यांचे कारण सांगून घर राखणे पसंत केले. गुडघे माझेही तसेच होते, पण आजोबांना ती सवलत नसते. सुट्ट्यांचे दिवस असल्याने गर्दी अलोट होती. पाण्यातून सुटणाऱ्या होडीचा एक खेळ सर्वांच्या तोंडी होता. तिथे लोखंडी कठड्यांमधून नागमोडी फिरवलेली रांग होती आणि तिच्याशेजारून एक सरळ, रिकामी वाट गेली होती. त्या वाटेवर कोणी उभे नव्हते. मधूनच मनगटावर रंगीत पट्टी बांधलेली चार माणसे झपाझप येत आणि पुढे निघून जात.

आमच्या पुढे एक कुटुंब होते. उदगीरकडचे, गृहस्थांची पिठाची गिरणी होती. बरोबर बायको आणि दोन मुली. रात्रीच्या बसने निघून पहाटे हैदराबादेत उतरले होते आणि त्याच रात्रीच्या बसने परतायचे होते. रांगेत ओळख व्हायला वेळ लागत नाही. मराठवाड्यातले मराठी कानावर पडले की आम्हा हैदराबादकरांना माहेरचे माणूस भेटल्यासारखे होते. त्यांनी भाकरी-चटणीचा डबा उघडून आमच्यापुढे धरला, सुनेने मुलींना बिस्किटे दिली. मध्येच मला बाहेर जाणे भाग पडले. या वयात ते सांगून येत नाही. तेव्हा ते म्हणाले, "जा की काका, सावकाश या. नंबर मी धरतो." मी परतलो तेव्हा मागचा एक तरुण कुरकुरत होता, त्यांनी त्याला समजावून माझी जागा मला मोकळी करून दिली.

तेवढ्यात मुलगा कुठूनसा चार रंगीत पट्ट्या घेऊन आला. आम्ही अर्धा तास उभे होतो, अजून तासभर तरी उभे राहावे लागेल असे दिसत होते आणि माझी अवस्था त्याला बघवेना. प्रवेशाच्या तिकिटाइतकेच पैसे त्याने माणशी पुन्हा मोजले होते. आम्ही कठड्याखालून वाकून बाहेर पडलो आणि त्या रिकाम्या वाटेने दोन मिनिटांत होडीपाशी पोहोचलो. जिथे दोन्ही वाटा मिळतात तिथे उभा असलेला कामगार सामान्य रांगेपुढे हात आडवा धरून आम्हाला आत सोडत होता. होडीत बसताना मी मागे पाहिले नाही. खोटे कशाला सांगू, पाय सुटले याचे मला बरेच वाटले.

दुपारी दुसऱ्या एका पाळण्यापाशी तेच कुटुंब पुन्हा रांगेत दिसले. आम्ही शेजारच्या वाटेने जात होतो. गिरणीवाल्यांनी मला पाहिले आणि हसून विचारले, "झालं का हो काका तुमचं होडीचं?" त्यांच्या स्वरात उपरोध असता तर मला सोपे गेले असते. तो नव्हता. मी 'हो' म्हणालो आणि पुढे गेलो.

त्या रात्री झोप लागेना. हिशेबात काही चुकले की रात्री उठून आकडेमोड करण्याची कॅशियरची सवय निवृत्तीनंतरही सुटत नाही. एका पाकिटाच्या पाठीमागे मी मांडणी केली. समजा, त्या होडीत एका वेळी वीस माणसे बसतात आणि दर तीन मिनिटांनी होडी सुटते. म्हणजे तासाला चारशे माणसे. रांगेत दोनशे उभी असतील तर शेवटच्याला अर्धा तास लागेल. आता पट्टीवाला एकच माणूस पुढून आत शिरला. त्या दोनशेंपैकी प्रत्येकाची पाळी एका जागेने मागे गेली. एक जागा म्हणजे नऊ सेकंद. नऊ सेकंदांचे कोणाला काय? कोणाच्या लक्षातही येत नाही. पण नऊ गुणिले दोनशे म्हणजे अठराशे सेकंद, म्हणजे बरोबर अर्धा तास. पट्टीवाल्याने जितका वाचवला तितकाच. आम्ही तर चौघे होतो. आमचे चार अर्धे तास त्या दोनशे माणसांकडून प्रत्येकी छत्तीस सेकंद याप्रमाणे वसूल झाले होते. जमा-खर्च पैशापर्यंत जुळला आणि तो जुळला याचाच मला त्रास झाला.

हे काही माझे संशोधन नव्हे. रांगेचे गणित मांडण्याची सुरुवात डेन्मार्कच्या एर्लांग यांनी १९०९ मध्ये कोपनहेगनच्या टेलिफोन केंद्रातले फोन किती आणि तारा किती या प्रश्नातून केली. पुढे १९६५ मध्ये लिओनार्ड क्लाइनरॉक यांनी दाखवून दिले की काम करणारा रिकामा बसत नसेल आणि त्याचा वेग तोच असेल, तर कोणाला आधी घ्यायचे याचा क्रम कसाही लावला तरी वाट पाहण्याचा एकूण भार कमी होत नाही. तो एकाच्या खांद्यावरून उतरतो आणि दुसऱ्याच्या खांद्यावर चढतो. बँकेच्या प्रशिक्षणवर्गात कधीतरी हे कानावरून गेले होते. त्याचा अर्थ कळायला होडीत बसावे लागले.

पट्ट्या थोड्या विकल्या तर फारसे बिघडत नाही, हेही त्याच पाकिटावर दिसले. तासाच्या चारशे जागांपैकी चाळीस जागा पट्टीवाल्यांकडे गेल्या तर उरलेल्या तीनशे साठ जागांत दोनशे माणसांची रांग तेहेतीस मिनिटांत संपते. पण तीन चतुर्थांश जागा तिकडे गेल्या तर सामान्य रांगेला तासाला शंभरच जागा उरतात आणि अर्ध्या तासाची रांग दोन तासांची होते. रांग तेवढीच दिसते, माणसेही तेवढीच. फक्त ती हलत नाही. आणि रांग जितकी हलेनाशी होते, तितकी पट्टी घेण्याची इच्छा वाढते. आजार आणि औषध एकाच दुकानात मिळू लागले म्हणजे दुकानदाराला आजार बरा करण्याची घाई उरत नाही, असे माझे मत झाले. उलट, पट्ट्या सर्वांनीच घेतल्या तर ती रिकामी वाटही भरून जाईल आणि पट्टी म्हणजे दुप्पट दराचे साधे तिकीट होईल. म्हणून तिची किंमत थोड्यांनाच परवडेल अशी ठेवावी लागते. बहुतेकांना न परवडणे हाच या वस्तूचा गुण आहे.

या पद्धतीचा इतिहासही मोठा बोधप्रद आहे. १९५५ साली, म्हणजे माझ्या जन्माच्याच वर्षी, कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडले. तेथे लवकरच तिकिटांच्या पुस्तिका आल्या. किरकोळ खेळाला 'ए', मोठ्याला पुढचे अक्षर, आणि १९५९ पासून सर्वांत मोठ्या खेळांना 'ई'. १९८२ मध्ये पुस्तिका बंद झाल्या. दारात एकदा पैसे भरा आणि आत सर्व सारखे, असा रिवाज सुरू झाला. १९९९ मध्ये 'फास्टपास' आला, पण तो फुकट होता. २००८ मध्ये मुलगा अटलांटात असताना आम्ही उभयता फ्लोरिडाला गेलो, तेव्हा मी तो वापरला आहे. आपले प्रवेशपत्र यंत्रात सरकवायचे की एक चिठ्ठी बाहेर येई. अमुक ते अमुक या तासात या, असे तीवर छापलेले असे. 'पीटर पॅन'च्या उडत्या गलबतासाठी चिठ्ठी काढून आम्ही तोवर दुसरीकडे हिंडलो आणि वेळेवर परतून रात्रीच्या लंडनवरून तरंगत गेलो. सौभाग्यवतींना ती व्यवस्था फार आवडली. "आपल्याकडे रेशनला असं हवं होतं," असे त्या म्हणाल्या.

पण फुकट चिठ्ठीनेही वेळ निर्माण होत नव्हता. चिठ्ठी खिशात टाकून माणूस दुसऱ्या खेळाच्या रांगेत उभा राही. म्हणजे एक माणूस एकाच वेळी दोन रांगांत. जिथे पूर्वी सहज आत जाता येई अशा लहान खेळांपुढेही त्यामुळे रांगा वाढल्या. शिवाय ज्याला युक्ती माहीत, जो सकाळी लवकर पोहोचला, त्याच्या पदरात चांगल्या चिठ्ठ्या पडत. दुपारी येणाऱ्याला यंत्र रिकामे सापडे. तरीही तिथे उजवे-डावे ठरत होते ते चपळाईवर. २०२० च्या महामारीत ती पद्धत बंद पडली आणि २०२१ च्या ऑक्टोबरात परत आली ती किंमत लावून. फ्लोरिडात सुरुवातीला माणशी दिवसाला १५ डॉलर होते. पुढे गर्दीनुसार दर बदलू लागला. २०२४ च्या अखेरीस जो सर्वांत वरचा पास निघाला, त्याची किंमत गर्दीच्या उद्यानात, गर्दीच्या दिवशी, माणशी ४०० डॉलरच्याही वर गेली. प्रवेशाचे तिकीट वेगळे. दारात सर्व सारखे, हा रिवाज चाळीस वर्षे टिकला म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी हा हिशेब मुलापुढे ठेवला. त्याने तो शांतपणे ऐकला. "बाबा," तो म्हणाला, "तुमचं गणित बरोबर आहे. पण माझ्याकडे तेरा दिवस होते. त्यांतला एक मी रांगेत घालवायचा होता का? पैसे मी कष्टाने मिळवले आहेत. शिवाय माझ्यासारखे लोक जास्त मोजतात, म्हणून कदाचित साधं तिकीट तेवढ्यावर राहत असेल. आणि खरं सांगू? मी ते तुमच्यासाठी घेतले. तुम्हाला उभं राहवत नव्हतं." शेवटच्या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते आणि आजही नाही. बाकीच्या वाक्यांतही तथ्य होते. रेल्वेने १९९७ मध्ये 'तत्काळ' सुरू केले तेव्हा आम्हीच त्याचे स्वागत केले होते. मरणावर जाणाऱ्याला तिकीट मिळते ही लहान गोष्ट नव्हे. घाई ही खरी गरज असू शकते.

पण मुलाच्या युक्तिवादात एक पाय लंगडा होता. तेरा दिवसांतला एक दिवस मोलाचा, हे मान्य. गिरणीवाल्यांपाशी तर तो एकच दिवस होता. दोन रात्री बसमध्ये काढून त्यांनी तो मिळवला होता आणि त्या दिवशी गिरणी बंद होती. ज्याच्यापाशी पैसे कमी त्याच्यापाशी वेळ मुबलक असतो, असे आपण सोयीने धरून चालतो. मायकेल सँडेल या अमेरिकन विचारवंताने २०१२ च्या आपल्या पुस्तकाची सुरुवात याच विषयापासून, रांग ओलांडण्याच्या हक्काच्या खरेदीविक्रीपासून केली आहे. पैसे देऊन पुढे जाणाऱ्यांना काही उद्याने मागच्या दाराने किंवा वेगळ्या फाटकाने नेतात, असे त्याने नोंदवले आहे. ज्यात गैर काही नाही ते झाकण्याची गरज का पडावी, हा प्रश्न तिथेच उभा राहतो.

मला खटकली ती आणखी एक साधी गोष्ट, आणि ती कॅशियरला खटकणारच. पैसे भरले एकाला आणि वस्तू घेतली दुसऱ्याकडून. ते नऊ-नऊ सेकंद उद्यानाच्या मालकीचे नव्हते. रांगेतल्या माणसांचे होते. रक्कम खिडकीत जमा झाली, पावती आम्हाला मिळाली आणि ज्यांच्या खात्यातून वजावट झाली त्यांना ना कोणी विचारले, ना काही दिले. माझ्या कारकिर्दीत असा व्यवहार पुढ्यात आला असता तर मी स्लिप परत केली असती.

देवाच्या दारीही हे चालतेच, असे कोणी म्हणेल. तिरुपतीला सर्वदर्शन विनामूल्य आहे आणि ३०० रुपयांचे विशेष प्रवेश दर्शनही आहे. हैदराबादेतील मराठी घरांत ते तिकीट काढून ठेवणे हा प्रवासाच्या तयारीचाच भाग असतो, आमच्याही घरात होता. पण पंढरपूरची एक रीत मला या निमित्ताने नव्याने उमगली. आषाढीला तेथील दर्शनबारी गोपाळपुरापर्यंत जाते. ज्याला पायांवर डोके ठेवायचे आहे तो त्या बारीत उभा राहतो. ज्याच्यापाशी तेवढा वेळ नाही किंवा बळ नाही, त्याच्यासाठी मुखदर्शन आहे. लांबून पाहायचे, हात जोडायचे आणि निघायचे. घाई असलेल्यासाठी वाट आहे. पण त्या वाटेने त्याला थोडे कमी मिळते. उभा राहिला त्याला चरण, घाईत आला त्याला मुख. उद्यानात उलटे आहे. तिथे घाई असलेल्याला सगळे मिळते आणि उभा राहिलेल्याच्या वाट्याचे थोडे कमी होते. माझ्या गुडघ्यांसाठी उद्यानात मुखदर्शनासारखे काही असते, एखादे बाक, एखादी लहान होडी, तर मी आनंदाने तेवढ्यावर राहिलो असतो.

आता पहिला प्रसंग. १९८४ किंवा ८५ साल असेल. आमच्या शाखेत एक ठेकेदार येत. मोठी ठेव होती, साहेबांशी बसणे-उठणे होते. ते बाकावर कधी बसले नाहीत. बाजूच्या दाराने आत येत, साहेबांच्या खोलीत चहा घेत आणि त्यांचा चेक माझ्या हातात येई. टोकन बाजूला ठेवून मी त्यांची रक्कम मोजत असे. नोटांची मोजदाद तेव्हा हातानेच असल्याने त्यांच्या एका चेकला वीसेक मिनिटे सहज लागत. एका शनिवारी कामाची वेळ संपत आली असताना असाच चेक आला. बाकावर एक वृद्ध बाई टोकन घेऊन बसल्या होत्या. पतीच्या निवृत्तिवेतनाचे पैसे होते, शंभर-सव्वाशे रुपयांची बाब. मी ठेकेदारांचे मोजून होईतो घड्याळ पुढे गेले आणि कॅश बंद झाली. बाई जाळीपाशी आल्या. मी त्यांना सांगितले, "आता सोमवारी या." त्यांनी टोकन परत दिले. ते गरम होते, इतका वेळ त्यांनी ते मुठीत धरले होते.

ठेकेदारांना पुढे घेतले ते वशिल्याने आणि आम्हाला उद्यानात पुढे घेतले ते पैशाने. पैशाचे एक बरे आहे, त्याला साहेबांची ओळख लागत नाही; पाटीवर दर लिहिलेला असतो आणि ज्याच्यापाशी आहेत तो देतो. या दृष्टीने पट्टी वशिल्यापेक्षा सरळ म्हणावी लागेल. पण वशिल्याने आत येणारे ते ठेकेदारसुद्धा बाजूच्या दारातून येताना बाकाकडे पाहणे टाळत. नजर चुकवावी एवढी जाणीव त्यांच्यात शिल्लक होती. पट्टीने ती जाणीवही अनावश्यक ठरवली आहे. मनगटावर पावतीच बांधलेली असते.

संध्याकाळी उद्यान बंद होताना आम्ही बाहेर पडत होतो. फाटकापाशी गिरणीवाले भेटले. धाकटी मुलगी त्यांच्या खांद्यावर झोपली होती आणि थोरली रुसून चार पावले मागे चालत होती. मी कारण विचारले. होडीचे झाले, मोठ्या पाळण्याचे झाले. पण उंचावरून सोडणाऱ्या त्या गोल चक्राचा नंबर लागायच्या आत ते बंद झाले होते. पुढे दहा-बारा माणसेच राहिली होती म्हणे. "पुढच्या वेळी बघू," ते मुलीला म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चालायचंच काका. गर्दीच किती होती."

त्या चक्रात आम्ही चौघे दुपारी बसलो होतो. नातवाला आवडले म्हणून मुलाने जादा पैसे भरून त्याला पुन्हा एकदा बसवले होते. मी थोरल्या मुलीकडे पाहिले. तिच्या मुठीत प्रवेशाचे तिकीट होते, चुरगळलेले. मला काही बोलता आले नाही. मुलाने गाडी आणली आणि आम्ही निघालो. मागच्या काचेतून ते चौघे बसच्या थांब्याकडे चालत जाताना दिसले. थांब्यावरही रांग होती. ते तिच्या शेवटी जाऊन उभे राहिले.